लाकूड, कागद आणि वैनगंगेचा डोंगा

मराठीत नौकाबांधणीच्या इतिहासाचा विषय निघाला की आपली नजर आपोआप पश्चिमेकडे वळते. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत बांधायला घेतलेले आरमार, आंग्र्यांची गुराबे आणि गलबते, मुंबईच्या गोदीतले वाडिया घराणे, आणि फार तर कोकणच्या बंदरांत मचव्यांवर काम करणारे सुतार. भंडाऱ्याचे नाव या यादीत कोणी घेत नाही. भंडारा म्हटले की पितळेची भांडी आठवतात, तांदूळ आठवतो, तलाव आठवतात. वरठीचा पोलादाचा कारखाना, गडेगावचा वाहनांचा कारखाना आणि जवाहरनगरची आयुधनिर्माणी आठवते. समुद्र जिथून शेकडो कोस दूर आहे त्या जिल्ह्यात नावा कोण बांधणार, असे विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असते.

आमचे म्हणणे असे की हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकते याचा विचार केल्यास इतिहास कशाचा लिहिला जातो याविषयी थोडे शहाणपण हाती लागते. लाकडी नाव बांधायला लाकूड लागते. तिचा इतिहास लिहायला कागद लागतो. ज्या घराला ही दोन्ही मिळाली त्याचे नाव राहिले. ज्याच्याजवळ कागद कधी नव्हता आणि ज्याचे लाकूडही पुढे काढून घेतले गेले, त्या घराविषयी ‘असे कोणी नव्हतेच’ असे म्हणायला आपण मोकळे झालो.

ज्या घराला दोन्ही मिळाली, त्याच्यापासून सुरुवात करू. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे जहाजबांधणीतले कुशल कारागीर. ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून १७३६ मध्ये ते काही सुतार सोबत घेऊन मुंबईत आले. १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी तयार झाली आणि त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या गोदीच्या मुख्य बांधकाम्याचे पद याच घराण्यात राहिले. लवजींचे पुत्र माणेकजी आणि बमनजी, नातू फ्रामजी आणि जमशेटजी, मग त्यांची मुले, अशी ही परंपरा. जमशेटजी बमनजींच्या हाताखाली ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचे युद्धजहाज तयार होऊन १८१० मध्ये पाण्यात उतरले. ब्रिटिश नौदलाचे या प्रतीचे जहाज ब्रिटनबाहेर बांधले जाण्याची ती पहिलीच वेळ होती. १८१३ चे ‘कॉर्नवालिस’ही त्यांचेच, याच जहाजावर १८४२ मध्ये इंग्लंड आणि चीन यांच्यातल्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. १८१७ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. दोनशेहून अधिक वर्षे टिकलेले ते सागवान मलबारच्या जंगलातले आहे.

हे सर्व आम्हांला इतक्या तपशिलाने सांगता येते याचे कारण उघड आहे. कंपनी कागद जपणारी होती. कोणते जहाज कधी सुरू झाले, किती लाकूड लागले, किती खर्च आला, कोणाला कोणते बक्षीस दिले, हे सगळे दप्तरात आहे. त्या दप्तरांतून घराण्यातल्याच रतनजी अर्देशिर वाडिया यांनी १९५५ मध्ये मुंबईची गोदी आणि तिचे वाडिया बांधकामे यांवर इंग्रजीत एक जाडजूड ग्रंथ लिहिला. जमशेटजींचे एक तैलचित्र इंग्लंडमधल्या सागरी संग्रहालयात आहे. त्यात त्यांच्या कमरेच्या शेल्यात कंपनीने भेट दिलेली चांदीची मोजपट्टी खोवलेली दिसते. ‘त्रिंकोमाली’च्या बाबतीत तर कागदाचे महत्त्व फारच ठळकपणे पुढे येते. तिचे आराखडे घेऊन इंग्लंडहून निघालेले ‘जावा’ हे जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाले. आराखडे पुन्हा पाठवावे लागले, आणि तोवर मुंबईतले काम थांबून राहिले. सुतार होते, सागवान होते, गोदी होती. कागद नव्हता, म्हणून जहाज नव्हते.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते. वाडियांना आपण नौका बांधणारे घराणे म्हणतो ते बरोबरच आहे, पण गोदी त्यांच्या मालकीची नव्हती. ती आधी कंपनीची आणि मग सरकारची. घराण्याकडे होती ती विद्या आणि त्या विद्येमुळे मिळालेले पद. ‘कुटुंबाच्या मालकीचा, लाकडी नावा बांधणारा उद्योग’ हे शब्द जर काटेकोरपणे वापरायचे असतील तर ते अशा घराला लागू पडतात, ज्याची जागाही स्वतःची, हत्यारेही स्वतःची, विद्याही स्वतःची आणि गिऱ्हाईकही स्वतः ओळखीने मिळवलेले. तसली घरे वैनगंगेच्या काठी होती.

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटातून वळसा घेत महाराष्ट्रात येते, भंडारा जिल्हा ओलांडून चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून दक्षिणेला जाते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. तिच्या दोन्ही अंगांना, १९९९ मध्ये वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धरून, हजारोंनी मोजावेत इतके तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. नदी आणि तलाव एवढे असताना पाण्यावर चालणारे साधन नसेल हे संभवतच नाही. ढिवर समाजाची मासेमारी, शिंगाड्याची काढणी, पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांची ये-जा, पलीकडच्या शेतावर जाणारी बाई, जत्रेला निघालेले बिऱ्हाड, हे सारे डोंग्यावर चालत आले आहे.

डोंगा हा शब्द पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला अपरिचित वाटेल. एकाच जाड खोडाचा पोटभाग पोखरून केलेली चिंचोळी नाव म्हणजे मूळचा डोंगा. पुढे फळ्या जोडून केलेल्या सपाट बुडाच्या लहान नावेलाही लोक डोंगाच म्हणू लागले. पहिल्या प्रकारात सगळे कौशल्य लाकडाच्या निवडीत आणि वाकसाच्या हातात. खोड आतून किती पोखरायचे आणि कोठे थांबायचे हे चुकले तर महिन्याचे काम सरपणात जाते. एका बाजूला बोटभर जास्त तासले गेले तर डोंगा जन्मभर त्याच बाजूला कलतो. दुसऱ्या प्रकारात फळ्यांचे सांधे हेच मर्म. सांध्यांत कापूस किंवा चिंध्या ठासून वरून डांबर ओतायचे, दर पावसाळ्याआधी नाव काठावर पालथी घालून जुने डांबर खरवडायचे आणि नवे चढवायचे. नदीत डोंगा वल्ह्यापेक्षा बांबूवर अधिक चालतो, कारण उन्हाळ्यात वैनगंगा उथळ होते आणि बांबू तळाला टेकतो. म्हणून बूड सपाट, काठ बसके, आणि वजन इतके की दोन माणसांना तो वाळूतून ओढून नेता यावा. हा आराखडा कोणी कागदावर काढला नाही. तो नदीने घालून दिला आणि पिढ्यांनी पाठ केला.

इंग्रजी अमदानीत या भागाविषयी काहीच लिहिले गेले नाही असे नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मासे धरणारे, पालखी वाहणारे, पाणी भरणारे, शिंगाडा लावणारे अशी धीमरांची वर्णने आहेत. त्यांच्या पोटजाती आहेत, लग्नाच्या रीती आहेत. परंतु अशा ग्रंथांचा साचाच असा आहे की त्यात माणूस जात म्हणून येतो, घर म्हणून येत नाही. मुंबईचा कारागीर दप्तरात लवजी, माणेकजी, जमशेटजी म्हणून येतो. वैनगंगेचा कारागीर ‘या जातीचे लोक नावा चालवतात’ या वाक्यात विरघळून जातो. वाडिया घराण्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते, की जमशेटजींनी एका जहाजाच्या तळाच्या लाकडावर, कोणाला सहज दिसणार नाही अशा ठिकाणी, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे असे कोरून ठेवले होते. खरी असो वा नसो, ती टिकली यात अर्थ आहे. जमशेटजींचे नाव दप्तरात होते, तरी आपण कोण आहोत हे लाकडावर कोरावे असे त्यांना वाटले असेल, ही कल्पना लोकांना पटली. मग ज्याचे नाव दप्तरातही नाही त्याला काय वाटत असेल?

काही वर्षांपूर्वी पवनी तालुक्यात, आज ज्याच्या शिवाराला जलाशयाचे पाणी लागले आहे अशा एका गावी, आम्ही डोंगे बांधणाऱ्या एका घरी गेलो होतो. घर म्हणजे ओसरी, मागे परसू आणि परसात पालथा घातलेला एक जुना डोंगा. त्याच्या बुडाला भेग गेली होती आणि त्यावर घरातल्या बाईने मिरच्या वाळत घातल्या होत्या. म्हाताऱ्या बाबांना आम्ही शिकल्यासवरल्या माणसासारखा प्रश्न विचारला: तुमच्या घरात हा धंदा किती वर्षांपासून आहे? त्यांनी वर्षे सांगितली नाहीत. आजाने बांधलेले डोंगे, बापाने बांधलेले डोंगे आणि आपण बांधलेले डोंगे असे ते बोटांवर मोजू लागले. प्रत्येक डोंगा कोणत्या गावच्या कोणासाठी, कोणत्या झाडाचा, ते झाड कोणत्या बांधावरचे, आणि शेवटी त्याचे काय झाले, हे त्यांना पाठ होते. काही पुरात गेले, काही कुजून चुलीत गेले, एक लेकीच्या सासरी गेला. शेवटचा त्यांनी त्याच लेकीच्या लग्नाच्या वर्षी बांधला. आम्ही विचारले, बाबा, हे कुठे लिहून ठेवलेत का? ते हसले. ‘लिवाले काय हाय भाऊ त्यात? आमच्या घरचा डोंगा कदी बुडला नाई, बस.’

त्या परसात बसून आमच्या ध्यानात आले की आम्ही ज्याला इतिहास नाही असे समजत होतो त्याची पूर्ण जंत्री आमच्यासमोर बोटांवर मोजली जात होती. गिऱ्हाईक, माल, मालाचे मूळ, निकाल. कंपनीच्या दप्तरात याहून वेगळे काय असते? फरक एवढाच की हे दप्तर एका माणसाच्या डोक्यात होते आणि त्या माणसाला ऐकू कमी येऊ लागले होते. त्यांचा मुलगा नागपूरला एका गोदामात कामाला आहे. त्याला डोंगा चालवता येतो, बांधता येत नाही. आपण का शिकला नाहीत असे विचारल्यावर त्याने आमच्याकडे जरा आश्चर्याने पाहिले आणि म्हणाला, ‘लाकूड कुठून आणू?’

हा प्रश्न आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर पुन्हा मुंबईच्या गोदीपाशीच नेते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडला युद्धजहाजांसाठी ओक अपुरा पडू लागला तेव्हा कंपनीची दृष्टी मलबारच्या सागवानाकडे गेली. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन या अधिकाऱ्याची तेथे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. हिंदुस्थानातला हा पहिला वनसंरक्षक. सागवानावर सरकारचा हक्क जाहीर झाला आणि खाजगी तोडीला बंदी आली. व्यापारी आणि जमीनमालक यांची ओरड इतकी झाली की १८२३ मध्ये ही व्यवस्था मोडावी लागली. पण कल्पना मेली नाही. १८६४ मध्ये वनखाते उभे राहिले, १८६५ आणि १८७८ मध्ये वनकायदे झाले, १९२७ चा कायदा आला, आणि त्यातले जंगल राखीव करण्याचे, लाकडाच्या वाहतुकीवर परवाना लावण्याचे अधिकार स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले. महाराष्ट्राने १९६४ मध्ये वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा केला. सागवान, मोह, बिजा, हलदू, ऐन यांसारखी झाडे स्वतःच्या बांधावरची असली तरी ती तोडायला त्यानुसार परवानगी लागते.

म्हणजे ज्या सागवानामुळे वाडियांची जहाजे अजरामर झाली, ते मिळावे म्हणून सरकारने झाडावर जो हात ठेवला, तोच हात पुढे लांब होत होत वैनगंगेकाठच्या सुताराच्या झाडापर्यंत पोहोचला. एका घराण्याला राज्याने लाकूड पुरवले. दुसऱ्या घराला त्याच तत्त्वावर ते नाकारले. आम्ही हे वाडियांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्यांची विद्या निर्विवाद मोठी होती. वनकायद्यांनी जंगल राखले हेही आम्ही नाकारत नाही. नागझिरा आणि कोका येथे आज जे रान उभे आहे ते पाहता तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. आमचे म्हणणे एवढेच आहे की कायद्याने रेल्वेच्या स्लीपरसाठी वाट ठेवली, कागदगिरण्यांच्या बांबूसाठी वाट ठेवली, ठेकेदारासाठी लिलाव ठेवला. दोन वर्षांतून एक खोड मागणाऱ्या डोंगेवाल्यासाठी वेगळी वाट असावी असे कोणाला सुचले नाही. मालगुजारीच्या दिवसांत गावजंगलातून निस्तार म्हणून जळण आणि घर-औजारांचे लाकूड मिळत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव आणि गावजंगले सरकारकडे आली. जुलूम गेला हे चांगलेच झाले; पण मालगुजाराकडे जाऊन तोंडी मागता येणारे खोड आता अर्ज करून मागायचे झाले, आणि अर्ज म्हणजे पुन्हा कागद.

लाकडानंतर नदी गेली. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पवनी तालुक्यात झाली. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. तो पुढे कित्येक पटींनी वाढला आणि २००९ पर्यंत हा राष्ट्रीय प्रकल्प झाला. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे स्वप्न दाखवणाऱ्या या धरणाविषयी, त्यातल्या विलंबाविषयी आणि पुनर्वसनाच्या लढ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. डोंग्याच्या बाजूने त्याकडे क्वचितच पाहिले जाते. वाहती, उथळ, बांबू टेकणारी नदी जाऊन तेथे खोल आणि पसरट पाणी आले. त्यावर वारा सुटला की लाटा उठतात. बसक्या काठांचा डोंगा या पाण्यासाठी नव्हता. नागपूरचे सांडपाणी नागनदी आणि कन्हान यांच्या वाटेने याच पाण्यात उतरते आणि जलपर्णी माजते. तिच्यातून लाकडी नाव काढणे हे एक वेगळेच कष्ट. ज्या आराखड्याची गुरू नदी होती तो आराखडा गुरूच बदलल्यावर निरुपयोगी ठरला.

धरणात घर गेले की घराची किंमत मिळते, शेत गेले की शेताची. ती पुरेशी मिळते की नाही हा वाद वेगळा, पण निदान तिला रकाना आहे. वहिवाटीच्या विद्येला रकाना नव्हता. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या करताना भूमिहीन कारागीर, मच्छीमार आणि नावाडी यांचा स्पष्ट उल्लेख आला. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय ज्या चळवळींना आहे त्यांना ते दिले पाहिजे. परंतु गोसीखुर्दची पायाभरणी आणि हा कायदा यांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. शिवाय रकाना असला तरी तो भरायला पुरावा लागतो. मी डोंगे बांधत होतो हे सिद्ध करणारा कोणता कागद त्या म्हाताऱ्या बाबांनी दाखवावा? पावतीपुस्तक नाही, दुकानाचा परवाना नाही, पाटी नाही. पुरावा म्हणून त्यांच्याकडे परसातला एक भेगाळलेला डोंगा आहे आणि त्यावर मिरच्या वाळत आहेत. इतिहासात नाव नसणे ही केवळ अभ्यासकांची गैरसोय नव्हे. त्याची किंमत रुपयांत मोजली जाते, आणि ती कोण मोजतो हे येथे दिसते.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. डोंग्याचे हे गोडवे कशासाठी? २०२४ च्या जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव याच वैनगंगेत उलटली आणि त्यांतल्या काहींचे प्राण गेले. पूल असता तर त्या नावेत बसल्या नसत्या. वैनगंगेवर अंभोऱ्याला २०२४ मध्ये मोठा पूल झाला. आजवर नावेवर अवलंबून असलेल्या लोकांना त्याचे अप्रूप वाटते आणि ते वाटलेच पाहिजे. गरोदर बाईला रात्री पलीकडच्या दवाखान्यात न्यायचे असेल तर आम्हीही पुलाचीच निवड करू. फायबरची नाव हलकी असते, कुजत नाही, सरकारी योजनेतून मिळू शकते. ढिवराच्या पोराने ती घेतली तर त्यात परंपरेचा घात नाही, शहाणपणच आहे.

हे सर्व आम्हांला मान्य आहे. लाकडी नाव राहावी असा हट्ट आम्ही धरत नाही. मुंबईतही ती राहिली नाही. लोखंड आणि वाफ आल्यावर वाडियांच्या गोदीतले लाकडी जहाजांचे युग हळूहळू मावळले आणि १८८० च्या दशकात त्या पदाची घराणेशाहीही संपली. पण त्या घराण्यातली माणसे तोवर दुसऱ्या काठाला लागली होती. अर्देशिर कर्सेटजी वाफेच्या यंत्रांचे जाणकार म्हणून १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले होते. नवरोसजी वाडिया यांनी १८७९ मध्ये मुंबईत कापड रंगवण्याचा कारखाना काढला, तोच पुढे ‘बॉम्बे डाईंग’ म्हणून वाढला. विद्या कालबाह्य झाली तेव्हा घराण्याजवळ नाव होते, पैसा होता, ओळखी होत्या. लाकडातून लोखंडाकडे, लोखंडातून कापडाकडे जाण्याला पूल होता. वैनगंगेच्या सुताराजवळ तसा पूल नव्हता. त्याचा मुलगा नागपूरच्या गोदामात पोती उचलतो. बदल दोघांवरही आला. एकाच्या बाबतीत तो संक्रमण ठरला आणि दुसऱ्याच्या बाबतीत विस्मरण, याचे कारण कौशल्यातल्या फरकात शोधणे अन्यायाचे होईल.

अंभोऱ्याचा उल्लेख आलाच आहे तर साहित्याच्या वाचकांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानला जातो. तो मराठवाड्यातल्या अंबेजोगाईला लिहिला गेला की वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याला, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद आहे. विदर्भाच्या अभिमान्यांनी अंभोऱ्याची बाजू हिरीरीने मांडली आहे, आणि आम्हांलाही ती प्रिय आहे. मराठीच्या आद्य ग्रंथाची जागा ठरवण्यासाठी आपण एकेका ओवीचा, एकेका नामसादृश्याचा कीस पाडतो. ते योग्यच आहे. मात्र त्याच संगमावर आठशे वर्षे माणसे पलीकडे नेणारी नाव कोणी बांधली, तिला कोणते लाकूड लागे, तिच्या भागांची नावे काय, हे विचारायला आपल्याला अद्याप सवड झालेली नाही. पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप उजेडात आले. मातीखालचे शोधायला आपण निदान गेलो. काठावर पालथे पडलेले मात्र तसेच राहिले.

काम अशक्य आहे असे मुळीच नाही. याच परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ढिवरांसोबत बसून तलावांतले मासे, पाणवनस्पती आणि त्यांच्याविषयीचे लोकांचे ज्ञान नोंदवले, आणि त्या नोंदींचा उपयोग तलाव पुन्हा जिवंत करण्यासाठी झाला. म्हणजे नोंद ही केवळ संग्रहालयात ठेवण्याची वस्तू नसते, तिच्यातून काम उभे राहते. झाडीबोलीच्या अभ्यासकांनी या भागातले शब्द गोळा करण्याचे मोठे काम केले आहे. त्यात डोंग्याच्या प्रत्येक भागाचा, प्रत्येक हत्याराचा, लाकडाच्या प्रत्येक गुणदोषाचा शब्द चित्रासह यावा. भंडारा, पवनी, तुमसरच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी प्रकल्पाच्या नावाखाली दरवर्षी काय काय उतरवून काढतात. त्यांतल्या चौघांनी एका सुट्टीत वीस गावे फिरून उरलेले डोंगे मोजले, त्यांची मापे घेतली, बांधणाऱ्यांची नावे विचारली तर त्या घरांच्या हाती पहिल्यांदाच एक कागद येईल.

आणि सरकारकडेही एक मागणी आहे. गोसीखुर्दच्या जलाशयात जलपर्यटनाचा मोठा प्रकल्प हाती घेतला गेला आहे. या पाण्यावर आता हौशी पर्यटकांच्या नावा फिरतील. त्या नावांच्या देखभालीचे, दुरुस्तीचे, चालवण्याचे काम कोणाला मिळणार? ज्यांची नदी जाऊन तिथे जलाशय आला त्या घरांना ते हक्काने मिळाले पाहिजे. बाहेरून आलेल्या ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर नव्हे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर येऊन पाणी भंडारा शहरात शिरले होते. पाणी ओळखणारी माणसे जिल्ह्यात असणे ही सर्वांचीच गरज आहे हे त्या वेळी कोणाला समजावून सांगावे लागले नव्हते.

आम्ही त्या घरून निघालो तेव्हा म्हाताऱ्या बाबांनी आम्हांला परसातल्या डोंग्यापाशी नेले. मिरच्या बाजूला सारून त्यांनी बुडावर हात फिरवला आणि भेग नेमकी कोठून सुरू झाली ते दाखवले. तेथे खोडाला एक गाठ होती. ती त्यांना बांधतानाच दिसली होती, पण दुसरे लाकूड मिळण्यासारखे नव्हते म्हणून तशीच ठेवावी लागली. आम्ही टेप काढून डोंग्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजली, वहीत लिहून घेतली, आणि खाली त्यांचे नाव लिहू का म्हणून विचारले. त्यांनी थोडा विचार करून आधी आपल्या आजाचे, मग बापाचे आणि शेवटी स्वतःचे नाव सांगितले. ज्या वाचकांच्या गावी असा एखादा डोंगा पालथा पडलेला असेल त्यांनी येत्या पावसाळ्याआधी एवढे तरी करावे.